आयनिक समीकरण परत परत चुकतंय? काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

पाण्यातल्या अभिक्रियांची आयनिक समीकरणं (ज्यांत पाण्यात सुटे झालेले आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू किंवा अणूंचे गट, वेगळे लिहितात) मी बरीच वर्षं तपासत आलेय आणि बिघाड फिरून फिरून तेच असतात. समीकरण जुळलं नाही की सगळे आधी आकडे बदलायला लागतात, इथे २ लाव, तिथे ३ लाव, कसंबसं जुळवायचं आणि पुढच्या गणिताला पळायचं. पण दोष बहुतेक वेळा आकड्यांत नसतोच, तो त्याच्या आधी होऊन गेलेला असतो, म्हणजे पाण्यात कोण सुटा आयन म्हणून फिरतंय आणि कोण अख्खं राहिलंय हे ठरवतानाच गफलत झालेली असते. ते चुकलं की बॅलन्सिंग कितीही मन लावून करा, उत्तर चुकीचंच येणार.

लिहिण्याबद्दल एक सांगते, खाली मी चिन्हांऐवजी नावं लिहिलीत आणि चार्ज कंसात दिलाय, सल्फेट(२−) असं. वहीत तुम्ही नेहमीची चिन्हंच वापरा.

आधी लक्षणं ओळखा

यातलं काय होतंय ते बघा:

- अणू दोन्हीकडे सारखे आहेत पण चार्जची बेरीज सारखी येत नाही
- सगळं जुळतंय, तरी उत्तरात सोडियम किंवा नायट्रेट दोन्ही बाजूला तसंच उरलंय
- दोन्ही बाजूला सारखे असलेले आयन कट करता करता सगळंच कटलं, हातात काहीच राहिलं नाही
- टेस्टट्यूबमध्ये पांढरा अवक्षेप (न विरघळता खाली बसणारा घन पदार्थ) ढळढळीत दिसतोय आणि समीकरणात त्याचा पत्ता नाही
- आम्ल आणि आम्लारी दिसले की डोळे मिटून हायड्रोजन(+) + हायड्रॉक्साईड(−) → पाणी लिहिलं, आणि ते चूक आलं
- क्लोराईडच्या जागी 'क्लोरीनचे दोन अणू, चार्ज २−' असला कुठेच नसलेला आयन तयार झालाय
- रेडॉक्स अभिक्रिया (जिच्यात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात) काही केल्या जुळत नाही, किंवा याहून वाईट म्हणजे दोन वेगवेगळ्या आकड्यांनी जुळते

आता तपासण्या. सगळ्यात सोपी आधी, डोकं खाणारी शेवटी. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन-तीनमध्येच खूप जणांचं काम होऊन जातं.

१. चार्जची बेरीज करा

अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. डावीकडच्या सगळ्या आयनांचा चार्ज आकड्यांसकट बेरीज करा, मग उजवीकडचा करा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. शून्यच यायला पाहिजे असं काही नाही, हा गैरसमज खूप जणांना असतो, डावीकडे +६ आणि उजवीकडे +६ असेल तरी चालतं.

तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवली की तारेवर चांदीचे चकचकीत स्फटिक चढतात आणि द्रावण हळूहळू निळं होतं. त्याचं समीकरण मुलं असं लिहितात:

कॉपर (घन) + सिल्व्हर(+) → कॉपर(२+) + सिल्व्हर (घन)

अणू मोजा, सगळे बरोबर. चार्ज मोजा, डावीकडे +१ आणि उजवीकडे +२. म्हणजे एक इलेक्ट्रॉन हवेत गेला, आणि असं होत नाही. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि चांदीचा एक आयन एकच घेतो, त्यामुळे चांदीचे दोन आयन लागतात:

कॉपर (घन) + २ सिल्व्हर(+) → कॉपर(२+) + २ सिल्व्हर (घन)

ॲल्युमिनिअम आणि आम्लाचंही तसंच, २ ॲल्युमिनिअम + ६ हायड्रोजन(+) → २ ॲल्युमिनिअम(३+) + ३ हायड्रोजन वायू. दोन्हीकडे +६.

चार्ज नाही जुळला तर चूक नक्की आहे. जुळला तर चूक नाहीच असं मात्र समजू नका, म्हणून पुढे वाचा.

२. मूळ फॉर्म्युले बघा

संयुजा (कोण किती जणांशी जोडलं जातं तो आकडा) चुकली की पुढचं सगळं वाया. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये दोन ॲल्युमिनिअमला तीन सल्फेट, कॅल्शियम क्लोराईडमध्ये एका कॅल्शियमला दोन क्लोराईड, हे पक्कं असू द्या. आणि जुळत नाही म्हणून फॉर्म्युल्याच्या आतला खालचा आकडा कधीच बदलू नका. पाण्याच्या फॉर्म्युल्यात ऑक्सिजनचा एक अणू वाढवलात तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साईड होतं, म्हणजे तुम्ही पदार्थच बदललात. बदलायचे ते फक्त पुढचे आकडे.

लोखंड, तांबं, मँगनीज यांचा चार्ज एकच नसतो तेव्हा तो प्रश्नातून शोधा. लोखंडाचा खिळा कॉपर सल्फेटमध्ये टाकला तर फेरस(२+) तयार होतो, फेरिक(३+) नाही.

३. तोडताना खालचा आकडा कुठे गेला?

बेरियम क्लोराईड तोडलं की बेरियम(२+) आणि २ क्लोराईड(−). फॉर्म्युल्यातला खालचा २ आयनाच्या पुढे येतो, आयनाच्या आत राहत नाही आणि त्याचा चार्जही होत नाही. द्रावणात दोन क्लोराईड एकमेकांना धरून नसतात, वेगवेगळे फिरत असतात, म्हणून.

उलट सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, अमोनियम हे अख्खे गट आहेत, ते पाण्यात फुटत नाहीत. अमोनियम सल्फेट तोडा, २ अमोनियम(+) आणि १ सल्फेट(२−), बस. सल्फेटचं सल्फर आणि ऑक्सिजन करणारेही भेटतात. एक खरा अपवाद माहीत असू द्या, मर्क्युरस आयन. त्यात पाऱ्याचे दोन अणू खरंच जोडलेले असतात आणि दोघांचा मिळून चार्ज २+ असतो.

४. जे तोडलंय ते खरंच विरघळतं का?

इथे वेळ द्या, खरी मारामारी इथेच आहे.

मला नेहमी विचारतात की सिल्व्हर क्लोराईड आयनिक संयुग आहे ना, मग ते का नाही तोडायचं? कारण आयन असणं वेगळं आणि ते पाण्यात सुटं होणं वेगळं. मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम विरघळतं, सिल्व्हर क्लोराईड २५ अंश सेल्सिअसला जेमतेम २ मिलिग्रॅम. बाकी सगळं स्फटिकात अडकून तळाशी बसलेलं असतं. आयनिक समीकरण म्हणजे बीकरमध्ये प्रत्यक्षात काय आहे त्याचा जबाब आहे, म्हणून तळाशी बसलेलं अख्खं लिहायचं. उलट हायड्रोजन क्लोराईड वायू आहे, सहसंयुज आहे (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेत, आयन नाहीत), तरी पाण्यात गेला की पूर्ण आयनात जातो, म्हणून तो तोडायचा.

हे नियम पाठ पाहिजेत, याला शॉर्टकट नाही:

सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे क्षार विरघळतात, नायट्रेटही सगळे विरघळतात. क्लोराईड, ब्रोमाईड, आयोडाईड विरघळतात, फक्त सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरसचे नाही (लेड क्लोराईड गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, प्रश्नात 'गरम' शब्द असेल तर तो उगाच दिलेला नसतो). सल्फेट विरघळतात, पण बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि लेडचे नाही, कॅल्शियमचं थोडंसंच. कार्बोनेट आणि फॉस्फेट बहुतेक विरघळत नाहीत, सोडियम-पोटॅशियम-अमोनियम सोडून. हायड्रॉक्साईडचंही तेच, फक्त बेरियम हायड्रॉक्साईड विरघळणाऱ्यांत धरा.

कॅल्शियम हायड्रॉक्साईडवरून फार भांडणं होतात, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. ते लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं. गाळून घेतलेली स्वच्छ चुन्याची निवळी असेल तर त्यात आयनच आहेत, तोडा. पांढरं दुधासारखं मिश्रण असेल तर बरंचसं घन रूपात तरंगतंय, अख्खं लिहा. प्रश्नात काय दिलंय ते वाचल्याशिवाय ठरवू नका.

घन, द्रव, वायू, जलीय ही अवस्था प्रत्येक पदार्थाला लिहायची सवय लावा, तोडायच्या आधी. साधा नियम, ज्याला 'जलीय' लिहिलंय त्याच्याबद्दलच तोडायचा विचार करायचा, घन, द्रव आणि वायू अख्खे राहणार. हे केलं नाही तर संगमरवराचा तुकडा आणि सोडियम कार्बोनेटचं द्रावण दोघांचं आम्लाबरोबर एकच समीकरण लिहिलं जातं, आणि ती दोन वेगळी आहेत:

कॅल्शियम कार्बोनेट (घन) + २ हायड्रोजन(+) → कॅल्शियम(२+) + पाणी + कार्बन डायऑक्साईड

कार्बोनेट(२−) + २ हायड्रोजन(+) → पाणी + कार्बन डायऑक्साईड

पहिल्यात कॅल्शियम स्फटिकातून सुटून द्रावणात आलाय, त्याच्या बाबतीत काहीतरी घडलंय, म्हणून तो दिसायलाच पाहिजे. दुसऱ्यात सोडियम आधीही सुटा होता आणि नंतरही सुटाच आहे.

५. आम्ल जोरदार आहे की सौम्य?

सौम्य आम्ल पाण्यात विरघळतं, 'जलीय' असतं, तरीही तोडायचं नाही. मागच्या तपासणीतून सुटलेला बिघाड इथे सापडतो.

जोरदार आम्लांची यादी छोटी आहे, हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक, आणि क्लोरिकही त्यातच धरतात. याच्या बाहेरचं आम्ल दिसलं की सौम्य समजून चाला, ॲसेटिक, फॉस्फोरिक, कार्बोनिक, नायट्रस, हायड्रोजन सल्फाईड, आणि हो, हायड्रोफ्लोरिकसुद्धा. ते काच खातं म्हणून जोरदार वाटतं, पण आयनीभवनाच्या हिशोबात सौम्यच. अमोनियाही सौम्य आम्लारी.

आकड्यात सांगायचं तर ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात शंभरातले साधारण एक-दीड रेणूच फुटलेले असतात. बाकीचे सगळे अख्खे, मग लिहायचंही अख्खंच:

ॲसेटिक आम्ल + हायड्रॉक्साईड(−) → ॲसिटेट(−) + पाणी

अमोनिया + हायड्रोजन(+) → अमोनियम(+)

हा फरक फक्त कागदावरचा नाहीये. हायड्रोक्लोरिक आणि सोडियम हायड्रॉक्साईड घ्या किंवा नायट्रिक आणि पोटॅशियम हायड्रॉक्साईड घ्या, विरल (भरपूर पाण्याच्या) द्रावणात एक मोल पाणी तयार होताना साधारण ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, दोन्हीकडे जवळपास तेवढीच, कारण खरी अभिक्रिया एकच आहे, हायड्रोजन(+) आणि हायड्रॉक्साईड(−) भेटून पाणी. सौम्य आम्ल घेतलं की हा आकडा बदलतो, कारण तिथे आधी रेणूतला हायड्रोजन सोडवावा लागतो. मला स्वतःला आयनिक समीकरणांबद्दलचा हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो, वेगवेगळ्या बाटल्या आणि थर्मामीटर सांगतो की आत काम एकच चाललंय.

बायकार्बोनेट(−) हा आयन हायड्रोजन(+) आणि कार्बोनेट(२−) असा तोडू नका, तो अख्खाच राहतो. सल्फ्युरिक आम्लाचं जरा अवघड आहे, पहिला हायड्रोजन पूर्ण सुटतो, दुसरा पूर्ण नाही. शाळेच्या पातळीवर २ हायड्रोजन(+) आणि सल्फेट(२−) लिहितात, वरच्या वर्गात काही ठिकाणी हायड्रोजन सल्फेट(−) लिहायला सांगतात. तुमच्या अभ्यासक्रमात जे असेल ते धरा, फक्त एका समीकरणात एकच पद्धत ठेवा.

६. कट करताना काय कापलं?

स्पेक्टेटर (प्रेक्षक) आयन म्हणजे जो दोन्ही बाजूला अगदी तसाच आहे, तोच चार्ज, तीच अवस्था. यातलं एकही वेगळं असेल तर कापायचा नाही. फेरिक द्रावणात लोखंडाचा कीस टाकला तर

२ फेरिक(३+) + लोखंड (घन) → ३ फेरस(२+)

इथे सगळीकडे लोखंडच आहे म्हणून कापायला घेतलं तर संपलं, तिन्ही रूपं वेगळी आहेत. चार्ज बघा, +६ आणि +६.

सगळंच कटलं तर घाबरू नका, तो बिघाड नाही, ते उत्तर आहे. सोडियम क्लोराईड आणि पोटॅशियम नायट्रेटची विरल द्रावणं एकत्र केली तर चारही आयन तसेच फिरत राहतात. 'अभिक्रिया होत नाही' असं लिहा. फक्त त्याआधी चौथी तपासणी परत करा, एखादा अवक्षेप चुकून तोडला गेला नाही ना ते बघा.

याच्या उलट कधीकधी काहीच कटत नाही. बेरियम हायड्रॉक्साईडमध्ये सल्फ्युरिक आम्ल:

बेरियम(२+) + २ हायड्रॉक्साईड(−) + २ हायड्रोजन(+) + सल्फेट(२−) → बेरियम सल्फेट (घन) + २ पाणी

मुलं यातलं फक्त पाणी किंवा फक्त अवक्षेप लिहून मोकळी होतात. या द्रावणात तारा सोडून बल्ब जोडला आणि आम्ल थेंब थेंब घातलं तर बल्ब मंद होत होत जवळजवळ विझतो, कारण चारही आयन द्रावणातून निघून जातात, आणि आम्ल जास्त झालं की परत पेटतो. एकाही आयनाला प्रेक्षक म्हणता येत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आणि शेवटी आकडे लहान करा. २ हायड्रोजन(+) + २ हायड्रॉक्साईड(−) → २ पाणी असं उरलं तर दोनने भागा. पण वरच्या बेरियमच्या समीकरणात भागायला जाऊ नका, तिथे बेरियम एकच आहे.

७. रेडॉक्स असेल तर इलेक्ट्रॉन मोजा

इथे नुसतं बघून जुळवायचं सोडून द्या. दोन अर्ध्या अभिक्रिया (एक इलेक्ट्रॉन देणारी, एक घेणारी) वेगळ्या लिहा, ऑक्सिजन कमी असेल तिथे पाणी घाला, हायड्रोजनसाठी हायड्रोजन(+), चार्जसाठी इलेक्ट्रॉन, मग दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सारखे करून बेरीज करा. आम्लातल्या परमँगनेट आणि फेरसचं असं येतं:

परमँगनेट(−) + ८ हायड्रोजन(+) + ५ फेरस(२+) → मँगनीज(२+) + ५ फेरिक(३+) + ४ पाणी

दोन्हीकडे +१७.

'मी बघून जुळवलं, चार्ज पण बरोबर आहे' म्हणणाऱ्यांसाठी हे बघा:

२ परमँगनेट(−) + ३ हायड्रोजन पेरॉक्साईड + ६ हायड्रोजन(+) → २ मँगनीज(२+) + ४ ऑक्सिजन + ६ पाणी

अणू मोजा, जुळतात. चार्ज मोजा, दोन्हीकडे +४. तरी चूक आहे. दोन परमँगनेट मिळून १० इलेक्ट्रॉन घेतात आणि पेरॉक्साईडचा एक रेणू ऑक्सिजन होताना २ देतो, म्हणजे पाच रेणू लागणार, तीनमध्ये भागत नाही. बरोबर समीकरणात ५ पेरॉक्साईड, ५ ऑक्सिजन आणि ८ पाणी येतं, बाकी तसंच. पहिली तपासणी पुरेशी नाही असं मी वर म्हटलं ते याचसाठी.

माध्यमही तपासा. परमँगनेट आणि सल्फाईट आम्लात असतील तर मँगनीज(२+) होऊन जांभळा रंग जातो, उदासीन किंवा किंचित आम्लारीधर्मी द्रावणात मँगनीज डायऑक्साईडचा तपकिरी गाळ बसतो, आणि तीव्र आम्लारीत हिरवा मँगनेट(२−) होतो. तीन माध्यमं, तीन वेगळी समीकरणं. उदासीन द्रावणातलं:

२ परमँगनेट(−) + ३ सल्फाईट(२−) + पाणी → २ मँगनीज डायऑक्साईड (घन) + ३ सल्फेट(२−) + २ हायड्रॉक्साईड(−)

दोन्हीकडे −८. आम्लारी माध्यमाच्या शेवटच्या समीकरणात हायड्रोजन(+) राहिला असेल तर तेवढेच हायड्रॉक्साईड(−) दोन्हीकडे घाला, जोडीचं पाणी करा आणि जादा पाणी कापा.

इथे थांबा आणि विचारा

सातही तपासण्या झाल्या आणि तरी गाडी अडली, तर बहुतेक तयार काय होतंय हेच तुम्हाला माहीत नाहीये, आणि ते बॅलन्सिंगने कळत नाही. अवक्षेप येतो आणि तेच द्रावण जास्त घातलं की विरघळून जातो, कॉपर हायड्रॉक्साईड अमोनियात गर्द निळं होतं, ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साईड जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये नाहीसं होतं, अशा ठिकाणी जटिल आयन (धातूच्या आयनाभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेले) तयार होतात. ते अंदाजाने लिहू नका, शिक्षकांना विचारा. संहत (कमी पाण्याच्या) आम्लांचंही तेच, संहत आणि विरल नायट्रिक आम्लात तांब्यापासून वेगवेगळे वायू निघतात, वरचे नियम तिथे पुरत नाहीत.

आणि हे अगदी गंभीरपणे सांगते, काय तयार होतं ते बघायला घरी कधीही काही मिसळू नका. ब्लीचमध्ये आम्ल गेलं की

हायपोक्लोराईट(−) + क्लोराईड(−) + २ हायड्रोजन(+) → क्लोरीन वायू + पाणी

चार्ज दोन्हीकडे शून्य, समीकरण छान जुळतं, आणि निघणारा वायू फुफ्फुसं जाळतो. सल्फाईड किंवा सायनाईडवर आम्ल पडलं तर निघणारे वायू जीवघेणे असतात. खरी द्रावणं हाताळायची असतील तर प्रयोगशाळेत, तिथल्या जबाबदार माणसासमोर. पाणी शुद्धीकरण किंवा सांडपाण्यात किती रसायन घालायचं असा प्रत्यक्ष कामाचा प्रश्न असेल तर वहीतल्या समीकरणावर जाऊ नका, नमुना तपासून सांगणारा रसायनतज्ज्ञच गाठा, कारण खऱ्या पाण्यात तुम्ही न लिहिलेले आयनही असतात.

शिक्षकांकडे जाताना फक्त शेवटची ओळ घेऊन जाऊ नका. अवस्था लिहिलेलं मूळ समीकरण, आयनांत तोडलेलं समीकरण आणि कट केल्यानंतर उरलेलं, तिन्ही ओळी दाखवा. बिघाड कुठल्या ओळीत शिरला ते त्यांना लगेच दिसेल, नुसत्या उत्तरावरून ते ओळखता येत नाही.